एक इंच आखूड

"हात तेहतीस इंच पाहिजेत. या टॉलिव्हरचे बत्तीस भरतात. संपला विषय!" लाइल ब्रॅनिगन म्हणाला आणि त्यानं गार झालेल्या पिझ्झाचा तुकडा तोंडात कोंबला.

अमेरिकन फुटबॉलच्या या संघात कोणाला घ्यायचं हे ठरवणारा लाइलच. आज कॉलेजातल्या पोरांची वर्षातली मोठी निवड होती; एकेक संघ पाळीपाळीनं एकेक पोर उचलत होता आणि सातवा नंबर त्यांचा होता. टीव्हीच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत होतं, सात मिनिटं उरली होती. फळ्यावर दोनच नावं राहिली होती, कोल्बी स्ट्रँड आणि एझ्रा टॉलिव्हर. दोघांचंही काम एकच. समोरच्या संघाचा डाव चालवणाऱ्या क्वार्टरबॅकनं चेंडू फेकायच्या आत त्याच्या अंगावर धावून जायचं आणि त्याला आडवा करायचा.

या खोलीत खेळाडूंना कोणी पाऊल ठेवू देत नाही. पण वेड कोवालचिकला आज मुद्दाम बोलावलं होतं. अकरा वर्षं तो या संघाचा क्वार्टरबॅक. असल्या पोरांचा मार खाण्यातच त्याची हयात गेलेली. उजवा खांदा दोनदा उघडून शिवला होता. तिसऱ्यांदा दुखावला तर खेळ विसरायचा, असं डॉक्टरनं तोंडावर सांगितलं होतं.

"मार खाण्यात तुझ्याएवढा अनुभव कोणाला नाही बाबा," लाइल म्हणाला. "सांग, कोणाला घेऊ?"

सगळे हसले. वेडही हसला, पण उगाच.

"टॉलिव्हरला घ्या."

"अरे, स्ट्रँड बघ की! दार भरून जाईल एवढा गडी आहे. पस्तीस इंची हात!"

"आहे ना. पण तो येतो तो दणदणत येतो. मला आधीच कळतं. शिवाय तो वाटेतल्या माणसाशी कुस्ती खेळत बसतो. टॉलिव्हर कुस्ती खेळतच नाही. तो वाटेतल्या माणसाकडे बघतसुद्धा नाही, लाइल. माझ्याकडे बघत येईल तो."

ओटिस पेटवेनं रिमोट उचलला. चाळीस वर्षं कॉलेजं पालथी घालून पोरं हुडकणारा हा म्हातारा. पडद्यावर नोव्हेंबरातली मॅच सुरू झाली. टॉलिव्हरनं क्वार्टरबॅकला पाडलं, मग हात देऊन उठवलं, त्याच्या पाठीवरचं गवत झटकलं आणि वाकून काहीतरी विचारलं.

"वळण आहे हो पोराला," लाइल म्हणाला. "आईबापांनी चांगलं वाढवलंय."

"काय विचारतो, ते मी त्या पडलेल्या पोराला जाऊन विचारलं," ओटिस म्हणाला. "म्हणतो, लागलं का रे? कुठं लागलं?"

"मग? चांगलंच आहे की!"

"आता पुढचं बघा."

पडद्यावरच्या क्वार्टरबॅकनं डाव्या बरगडीवर हात ठेवला होता. पुढच्या वेळी टॉलिव्हर डाव्या बरगडीवर आला. त्याच्या पुढच्या वेळीही तिथंच. कुठंही नियम मोडला नाही, पंचानं शिट्टी वाजवली नाही. चौथ्या वेळी त्यानं हात पुढे केला, तेव्हा तो धरायला खालचं पोर उठलंच नाही.

"आपल्याकडे आला, तर सरावात मला हात लावायची त्याला बंदी असेल," वेड भडाभडा बोलायला लागला. "सोडला, तर आठव्या नंबरला कोण बसलंय? तळ्यापलीकडचा संघ! दरवर्षी दोनदा गाठ पडते त्यांच्याशी. लाइल, खरं सांगतो, मला या पोराची भीती वाटते."

त्या खोलीत हा शब्द कोणी उच्चारत नाही. कोणी फोनमध्ये डोकं घातलं, कोणी पाण्याची बाटली उघडली. लाइलचं चघळणं थांबलं.

"भीती वाटते, म्हणतोस?"

"हो."

"छत्तिसावं लागलं की होतं रे असं." लाइलचा आवाज एकदम मऊ झाला. वेडला तो अजिबात आवडला नाही. "मागे एकदा आखूड हाताचा घेतला होता मी. पेपरवाल्यांनी वर्षभर सोलून काढलं. तुझ्या भीतीपायी मी परत तोंड काळं करून घेऊ होय?"

"लाइल, ऐक वेडचं," ओटिस म्हणाला.

"ऐकलं की." लाइलनं फोन उचलला आणि स्ट्रँडचं नाव सांगून टाकलं.

टाळ्या झाल्या. स्ट्रँडला फोन लागला, पलीकडे त्याची आई हमसून हमसून रडत होती. खोलीतल्या दोघातिघांचेही डोळे पाणावले. वेडनंही टाळ्या वाजवल्या. नाही वाजवून करतो काय?

काही मिनिटांतच आठवं नाव पुकारलं गेलं. एझ्रा टॉलिव्हर, तळ्यापलीकडे. ओटिसनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"वर्षाला दोनदा तर येणार," लाइल म्हणाला. "आणि तुला राखायला तुझ्यापुढे पाच रेडे उभे केलेत मी. जा, घरी जाऊन झोप."

टीव्हीवर टॉलिव्हर नवी टोपी घालून आईशेजारी उभा होता. कोणाविरुद्ध खेळायची सगळ्यात जास्त उत्सुकता आहे, असं बातमीदार बाईंनी विचारलं. पोर लाजलं.

"वेड कोवालचिक सर! पाचवीत असल्यापासून बघतोय त्यांना, एक मॅच सोडली नाही. माझ्या खोलीत त्यांचाच फोटो आहे." मग ते जरा थांबलं. "फेकायच्या आधी त्यांची डावी टाच हलते. अगदी थोडी. अजून कोणाच्या लक्षात आलेली नाही, पण हलते. खूप आदर आहे मला त्यांच्याबद्दल."

बाई कौतुकानं हसल्या. इकडे खोलीतल्या सगळ्यांच्या माना वेडच्या पायाकडे वळल्या. सगळ्यात शेवटी वेडनं खाली पाहिलं.