सातवी फुली

हरिसिंगनं सहा बोटं मोडली आणि समोर बसलेल्या बळीरामकडं पाहून तो हसला. "आन् सातवा हा सोताच. तेरा मतांत सात. बाबाराव पडला म्हणून समजा."

बळीराम मान खाली घालून शेंगा फोडत होता. फोडलेले दाणे तो हरिसिंग आणि प्रेमसिंगच्या हातावर ठेवी. आपल्या तोंडात मात्र एकही टाकत नव्हता.

हरिसिंग पंचायत समितीचा सभापती होऊन पंधराच दिवस झाले होते. बासष्ट साल, समिती नवी, खुर्च्याही नव्या. नव्या खुर्चीशेजारी आपला माणूस लागतो, हे काही कोणाला शिकवावं लागत नाही. उपसभापती बळीरामलाच करायचं, असं त्यानं ठरवून टाकलं होतं; समोर बाबाराव उभा होता. पलीकडच्या तांड्यातला हा बळीराम म्हणजे सरळ माणूस, देवभोळा म्हणा हवं तर. बैलाच्या भांडणात तांड्याच्या नायकापुढं उभा होता तेव्हाही स्वतःसाठी एक शब्द बोलला नाही. ज्याचं काम त्यानं गप बसावं, बाकीच्यांनी बोलावं, हा जुना रिवाज. लोकांनी तो केव्हाच गुंडाळून ठेवला होता, बळीराम धरून बसला होता.

"चौघांनी आण घेतली," हरिसिंग म्हणाला. "कोणी देवाची, कोणी लेकराची. भीमराज म्हणे, मी देव मानत नाही, शब्द देतो. तेही चाललं. प्रेमसिंग, तूही घेऊन टाक."

प्रेमसिंग हरिसिंगचा लहानपणापासूनचा दोस्त, त्याच तांड्यातला. हरिसिंगच्या निवडणुकीत यानंच दोन महिने सायकल हाणली होती, तांडा म्हणू नका, गाव म्हणू नका.

"एका ताटात जेवलो आपण," तो म्हणाला. "मले आण कायले मागतं?"

तिघंही हसले आणि विषय तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवशी सभा झाली. एकेकानं आडोशाला जाऊन चिठ्ठीवर फुली मारली आणि घडी करून पत्र्याच्या डब्यात टाकली. निवडणूक घ्यायला आलेल्या साहेबांनी डबा टेबलावर उपडा केला, चिठ्ठ्या दोनदा मोजल्या.

"बाबाराव सात. बळीराम सहा."

बळीरामनं उठून बाबारावला हार घातला. हरिसिंग मात्र प्रेमसिंगकडं पाहत होता.

परतीच्या वाटेवर त्यानं बैलांचे कासरे ओढून दमणी थांबवली. "काहून केलं?"

"काय केलं?"

"बाकीच्यांनी आण घेतलती. तूच तेवढा राह्यला होता."

प्रेमसिंगच्या तोंडावरचा रंग उडाला. तो म्हणाला, "आता घेतो म्हटलं, तं तू मानशीन?"

"आता काय उपयोग?"

प्रेमसिंग खाली उतरला आणि उरलेली वाट पायी चालत गेला.

पुढं हरिसिंगनं आपली माणसं जिथं तिथं बसवली. कोणाला शिक्षणाच्या कमिटीवर, कोणाला सोसायटीत, कोणाला बियाण्याच्या वाटपावर. प्रेमसिंगला कुठंच नाही. लेकीच्या लग्नाचं बोलावणंही त्याला धाडलं नाही. होळीला सारा तांडा फेर धरून गात होता, तेव्हा प्रेमसिंग कडेला उभा राहिला. फेरात ये, असं म्हणायला कोणी धजलं नाही. सभापतीची नाराजी कोण ओढवून घेणार?

"भाऊ, तुमच्या दोघांचं काय बिघडलं?" बळीरामनं एकदा विचारलं.

"बांधाचं भांडण हाये," हरिसिंग म्हणाला. तुझ्यासाठी तुटलं, असं सांगून त्या गरीब माणसाला कशाला दुखवायचं, असं त्याला वाटलं.

चौसष्टच्या उन्हाळ्यात प्रेमसिंगनं घर मोडलं आणि बायकोला, मानीबाईला घेऊन तो तिच्या भावाच्या तांड्यावर गेला, नेरच्या पलीकडं. दोन वर्षांनी तापात तो गेल्याचा निरोप आला.

हरिसिंग तिसऱ्या दिवशी पोचला. मानीबाईनं त्याला पाणी दिलं. "हे तुमचीच वाट पाहत होते," ती म्हणाली. "म्हणत, हरिसिंगले एक दिवस समजंल."

काय समजायचं राहिलं होतं? पण येताना एसटीत खिडकीकडं तोंड करून तो रडला. केलं असेल बिचाऱ्यानं, चुकलं असेल. एका मताची ती काय किंमत? माफ करून टाकायला हवं होतं. चार वर्षं कशाला ताणलं, म्हणून त्यानं स्वतःला शिव्या घातल्या. त्यानंतर कोणाची आण घ्यायची वेळ आली, की तो उठून बाहेर जाई.

सदुसष्टला निवडणुका झाल्या. हरिसिंग पुन्हा सभापती झाला. उपसभापतीसाठी पुन्हा बळीराम, समोर पुन्हा बाबाराव. हरिसिंगनं बोटं मोडली, या वेळीही सातच भरले. या खेपेला त्यानं कोणालाच आण घातली नाही.

"ज्याले द्यायचं त्याले द्या," त्यानं सगळ्यांना सांगितलं. "पडला बळीराम तं पडला. आता मी कोणावर राग धरणार नाही."

सभेत मत टाकायला बळीरामचं नाव पुकारलं. तो उठला, दोन पावलं गेला, परत आला आणि हरिसिंगच्या कानाशी वाकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो स्वतःच्या कामाबद्दल काही बोलत होता, तेही लाजत.

"भाऊ, मी मागच्या बारीसारखीच बाबारावच्या नावापुढं फुली मारतो. आपल्याच नावापुढं आपणच मारणं बरं दिसत नाही न."