फाटकाचा खांब

ठमी घोडीच्या मागे चार हात अंतर ठेवून लेक चालत होती आणि वर बसलेल्या बाबांच्या डोक्याकडे बघत होती. ते कुठे वळतं, केव्हा वळतं.

गेल्या महिन्यात बाबांनी घोडी सरळ फाटकाच्या खांबावर नेली. त्यांचा गुडघा सोलला, तिच्या छातीला खरचटलं. खांब काही काल उगवलेला नव्हता. चुकलं माझं, एवढंच बाबा म्हणाले. तेव्हाच लेकीने ठरवलं, एकदा त्यांच्याबरोबर वाट फिरून बघायची. नजर अधू झालेली दिसली, तर ठमीला विकून टाकायचं. म्हाताऱ्या घोडीला कोण घेतं आणि कशासाठी, हे दोघांनाही ठाऊक होतं.

उपनगराच्या पाठीमागची ही वाट सगळ्यांची. चालणारे, सायकलवाले, घोडेस्वार, सगळे तिथेच. सायकलने पायी माणसाला वाट द्यायची, दोघांनी घोड्याला. आणि घोडा दिसला की काहीतरी बोलायचं, म्हणजे तो बुजत नाही. पण इथले नेहमीचे लोक जरा जास्तच बोलत होते. एक सायकलवाला लांबूनच थांबला आणि म्हणाला, "काका, मी डावीकडे उभा आहे. झुडपापाशी."

लेकीने वळून त्याच्याकडे पाहिलं. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं, आपणच तेवढे अंधारात.

बाबांची टकळी तर अखंड चालू होती. पूल आला. आता उतार. इथे दगड आहे, पाय उचल. वाट पाठ करून आलेत, तिच्या मनात आलं. मुलीलाच चकवायला निघालेत.

पुलापलीकडे तिने विचारलं, "बाबा, त्या पाण्याच्या टाकीवर काय बसलंय?"

त्यांनी लगाम ओढला. "दोन कबुतरं. एकाला शेपूट नाही. आणि खाली शिडीवर कुणीतरी मोजा वाळत घातलाय. निळा. एकच."

मोजा तिलाही दिसला नव्हता. डोळे बारीक केल्यावर दिसला. तिला संशयाची लाज वाटली, आणि हसूही आलं.

तबेल्यापाशी ते उतरले तेव्हा ती म्हणाली, "तुमची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. ठमी राहू दे. मी पुन्हा विषय काढणार नाही."

"बघ हं, शब्द दिलायस," बाबा म्हणाले.

तिची गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत ते हात हलवत उभे राहिले. मग खिशातून गाजर काढून त्यांनी ठमीच्या डोळ्यांसमोर धरलं. ती नाक फेंदारून भलतीकडेच हवेत शोधत राहिली.

"इकडे गं, उजवीकडे," बाबा म्हणाले. "सुटलीस. तिने माझेच डोळे तपासले."