नुसती बटणं

लातूरच्या कोचिंग क्लासात जेबा रविवारच्या टेस्टचे पेपर टाईप करायची. क्लासच्या लिनक्स कॉम्प्युटरवर तिनं कीबोर्ड असा बसवून घेतला होता, की एक बटण दाबलं की प्रश्नाखाली चारही पर्यायांचे रकाने उमटायचे, दुसरं दाबलं की अख्खं सूत्र.

"नुसती बटणं तर दाबायची! माझा मेव्हणाबी दाबंल," म्हणत क्लासचालक रामलिंग सरांनी तिला सगळ्या पोरांसमोर कामावरून काढलं. जाता जाता जेबानं आपली सगळी सेटिंग पुसून टाकली.

शनिवारी सरांचा फोन आला. दोनशे प्रश्न पडून होते, मेव्हणा रडकुंडीला आला होता. "कीबोर्ड बिघडवून गेलीस व्हय गं?"


"न्हाई सर," जेबा गोड आवाजात म्हणाली, "दुकानातून आला होता तसा करून दिला. आता नुसती बटणंच दाबायची हायेत."