अर्धी गाय

“वाक ना नीट! गाय आहेस की उंट?” राजारामने मागे टाच झाडली. ती बरोब्बर लवूच्या नडगीवर बसली.

“वाकलंय रे,” चादरीच्या आतून आवाज आला.

मुलुंडहून निघायचं, आग्रा रोडने घाटकोपर गाठायचं आणि परत यायचं, अशी ती अर्धी मॅरेथॉन. हे दोघे दोस्त दरवर्षी सोंग घेऊन धावायचे. सोंग ठरवणार राजाराम. एका वर्षी राजाराम इन्स्पेक्टर, लवू पाकीटमार. दुसऱ्या वर्षी राजाराम नवरदेव आणि लवू शालू नेसलेली नवरी. यंदा दोघांची मिळून एक गाय. शिंगं, घंटा आणि रंगवलेले डोळे राजारामच्या डोक्यावर. लवू मागे, कमरेत वाकून, राजारामचा पट्टा धरून. त्याला विचारायचं काय होतं? “माका कायव चलता,” म्हणणाऱ्या माणसाला कोणी विचारतं का? देवाने काही माणसं मागचे पाय म्हणूनच जन्माला घातली आहेत, असं राजारामचं स्पष्ट मत होतं.

आणि आज तर पुढे राहणं भागच होतं. नाहूरला त्यांच्याच चाळीतली प्रेमा रस्त्यावर येणार होती. राजारामने तिला मागणी घातली होती. संपात गिरणी सुटलेले तिचे वडील, सहदेवकाका, म्हणाले होते, “पोरगी हो म्हणाली तर माझं काय नाय.” आणि पोरगी म्हणाली होती, “रविवारी तुमची गाय येईल ना, तेव्हा सांगते.” झालं! गडी तेव्हापासून हवेत. नाही म्हणायला कारणच काय? फॅक्टरीत पर्मनंट, केसांचा झकास कोंबडा, आणि तुलनेला शेजारी लव्या.

नाहूर आलं. चाळीतल्या बायका फुटपाथवर जमल्या होत्या. राजारामने मान हलवली, घंटा वाजवली, ऐटीत हंबरला. रुक्मिणीकाकू कुंकवाची कुयरी घेऊन पुढे झाल्या आणि शिंगांकडे ढुंकूनही न बघता सरळ मागे गेल्या. शेपटीला हात लावला, तो डोळ्यांना लावला, कुंकू वाहिलं. त्यांच्यामागून शेजारची मालन गेली. मग सगळ्याच.

“अहो काकू, तोंड इकडे आहे!”

“असू दे की. गायीच्या शेपटाकडे पाया पडतात रे बाबा, तोंडाकडे नाय. आईने शिकवलं नाय काय तुला?”

बायका फिदीफिदी हसल्या. जन्मभरात राजारामने गाय पाहिली होती ती कचराकुंडीपाशी. त्याला कुठून ठाऊक असणार? तो चरफडला. प्रेमा मात्र जागची हलली नव्हती. ती गायीचे मागचे पाय बघत उभी होती. राजारामने पुन्हा टाच झाडली, “चल रे शेपूट!” आणि गाय घाटकोपरकडे निघाली.

घाटकोपरच्या वळणावर कोणीतरी लिंबू सरबताचे दोन पेले पुढे केले. दोन्ही राजारामने ढोसले. “मागच्याला कशाला? गायीला तोंड एकच असतं!” लोक खो खो हसले. चादरीच्या आत लवूने नुसती ओठांवरून जीभ फिरवली.

परतीला ऊन चांगलंच तापलं. मागचे पाय फरफटायला लागले. “वाट लावशील माझी,” राजाराम गुरगुरला. “प्रेमासमोर लंगडलास ना, तर याद राख.”

“नाय लंगडत,” लवू म्हणाला. आणि खरंच, नाहूर येईपर्यंत गाय सरळ चालली.

या खेपेला प्रेमा पुढे आली. हातात पाण्याचा तांब्या, बोटावर कुंकू.  राजारामने डोकं खाली झुकवलं, शिंगं तिरकी केली, कपाळ पुढे केलं. प्रेमा शिंगांच्या बाजूने गेली आणि मागे वळली.

घ्या! हिलाही आधी शेपूटच पुजायचं होतं. बायकांची जात, रीत सोडणार थोडीच? राजाराम थांबला. पूजा आटोपली की येईलच पुढे. त्याने हळूच घंटा वाजवली.

मागे चादर उचलल्याचा आवाज झाला. मग घटाघटा पाणी प्यायल्याचा.  रुक्मिणीकाकूंनी तोंडाला पदर लावला.

राजारामला वळता येईना. मागे लवूने पट्टा सोडला होता आणि तो चक्क ताठ उभा राहिला होता.

“अगं प्रेमा,” राजाराम पुठ्ठ्याच्या तोंडातून ओरडला, “पुढे मी आहे! मागे लव्या आहे!”

“माहिताय,” प्रेमा म्हणाली. “म्हणून तर मागे आले.”