जीवदया : खुला गट

दूध काढायला चंदनानं फ्रीज उघडला, तर पातेल्यामागं तिची बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, तांदूळ न्यायची स्टीलची डबी. काल पर्वातला निर्जळ उपवास झाला होता. आता दूध तापवायचं, मुगाचं पाणी करायचं आणि पारणं करायचं, एवढंच राहिलं होतं. डबी इथं कुणी ठेवली म्हणून तिनं झाकण काढलं. आत नाकतोडा होता. हिरवागार, बोटाएवढा, पाय आवळून पडलेला.

ओरडायला अंगात बळ नव्हतं. तिनं दुधाकडं बघितलं, डबीकडं बघितलं, आणि होता तेवढा जीव गोळा करून हाक मारली.

"अहो!"

अनेकांत परड्यातून धावत आला. नवऱ्याच्या गळ्यात कॅमेरा होता, हातात तिचाच भुवयांचा चिमटा.

"बरं झालं काढलीस. लई वेळ ठेवला तर अवघड असतंय."

"हे काय हाय?"

"मॅक्रो," अनेकांत म्हणाला. "लई जवळनं काढायचा फोटो."

रविवारच्या फोटोग्राफीच्या क्लासात सरांनी शिकवलं होतं. किडा जिवंत असला की हलतो, हा या कलेतला मोठा अडथळा. गार केला की गुमान बसतो. मग फोटोमागून फोटो काढायचे, एकात डोळा स्पष्ट, एकात मिशी स्पष्ट, एकात पाय. आणि कॉम्प्युटरवर सगळे एकावर एक चढवायचे. असा नाकतोडा प्रत्यक्ष नाकतोड्यानंही पाहिलेला नसतो.

"मरत न्हाय गं, झोपतंय नुसतं," अनेकांतनं समजूत घातली.

या घरात पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं जाई. पावसाळ्यात फ्लॉवर उंबरा ओलांडत नसे, कारण त्यात अळी. तांदळात सोंडकिडा सापडला तर सासरे, आप्पासो, त्याला कागदावर घेऊन परड्यात पोचवून येत. खुद्द अनेकांत दिवेलागणीनंतर घास घेत नसे. दिव्यावरचं पाखरू चुकून ताटात पडलं आणि मेलं तर काय घ्या.

"सोडा त्याला," चंदना म्हणाली.

"सोडणारच की! फोटो झाल्यावर. आज शेवटचा दिवस हाय." मंडळानं पर्वानिमित्त फोटोंची स्पर्धा ठेवली होती. विषय, जीवदया. अनेकांत खुल्या गटात होता.

"त्यो जिता हाय का न्हाई ते दिसल्याबिगर मी पारणं करणार न्हाई."

बाहेरच्या खोलीतून आप्पासोंचा आवाज आला. "चक्कर येऊन पडशील गं पोरी. घोटभर पाणी तरी घे."

"नको, मामा."

परड्यात सगळी मांडामांड तयार होती. स्टुलावर कमळ, त्याच्यामागं काळा पुठ्ठा. पाकळ्यांवर ग्लिसरीनचे थेंब, कारण खरं दव फोटो निघेपर्यंत थांबत नाही. अनेकांतनं चिमट्यानं नाकतोडा उचलून पाकळीवर ठेवला. तो घसरला. परत ठेवला, परत घसरला. मग अनेकांतनं त्याला मागच्या लांब पायाला धरून नीट बसवायला घेतलं. चिमटा वर आला तेव्हा त्यात फक्त पाय होता.

"पाय तुटला," चंदना म्हणाली.

"असू दे. मघाशी फ्रीजात घालायच्या आधी काढलेल्या फोटोत हाय की सगळे पाय. एडिटिंगमधे लावतो." त्यानं चिमटा झटकला. "बाजूला हो जरा, सावली पडतीया."

फरशीवर पडलेला पाय चंदनानं उचलून तळहातावर घेतला. गवताच्या काडीपेक्षाही हलका होता. डोळ्यापुढं अंधारी येत होती, तरी ती कमळाकडं बघत उभी राहिली. कॅमेरा खटखटत होता. ऊन हळूहळू पाकळीवर चढलं. आधी एक मिशी थरथरली. मग दुसरी. नाकतोड्यानं उरलेल्या पायांवर भार घेतला, एका अंगाला कलंडला, सावरला आणि जास्वंदीच्या कुंडीत जाऊन पडला. तिथून फरफटत पानाआड गेला.

"हलला!" चंदनाला रडू फुटलं.

"आत्ताच कशाला हलला!" अनेकांत चरफडला. "मिशीचे फोटो राहिले."

स्वयंपाकघरात तिनं मुगाचं पाणी पेल्यात ओतलं आणि टेबलाशी बसली. समोर अनेकांत लॅपटॉप उघडून बसला होता. पडद्यावर नाकतोडा म्हशीएवढा झाला होता. अनेकांतनं दुसऱ्या फोटोतून पाय कापून आणला, फिरवला, चिकटवला, सांध्यावर जरा घासला.

"जिता दिसला न्हवं? मग घे की आता," तो मान वर न करता म्हणाला. "नाव काय देऊ गं? अभयदान?"

चंदनानं डाव्या हातानं पेला बाजूला सारला.

"हे बघ!" त्यानं लॅपटॉप तिच्याकडं फिरवला. "सहाच्या सहा. हाय का कुणाची टाप वळखायची?"

"पोरीनं पारणं केलं काय रं?" आप्पासोंनी बाहेरून विचारलं.

पेल्यातल्या मुगाच्या पाण्यावर पापुद्रा धरायला लागला होता. चंदनानं उजवी मूठ उघडली आणि त्यातला पाय अलगद, मोडणार नाही असा, लॅपटॉपच्या बटणांवर ठेवला.

"मग ह्यो एक जास्तीचा झाला की," ती म्हणाली. "फ्रीजात ठेवू?"