अंगठ्याखालचं वचन

ओळ पुढे सरकत होती आणि योजिनचा अंगठा घामेजला होता. हातातल्या टोपलीच्या काठाशी एक कार्ड तिने अंगठ्याखाली दाबून धरलं होतं. बाकीची कार्डं आत पालथी पडली होती. नव्या वर्षाचा पहिला रविवार. कोरियातल्या इंचॉनच्या त्या चर्चमंडळीत आज प्रत्येकाने टोपलीत हात घालायचा, बायबलमधलं एक वचन लिहिलेलं कार्ड उचलायचं आणि ते देवाने आपल्यालाच धाडलंय असं वर्षभर मानायचं. कुणी ते मोबाईलच्या कव्हरात घालतं, कुणी फ्रीजवर चिकटवतं. बदलून मात्र मिळत नाही. मागे एका म्हातारीने बदलून मागितलं, तर पाळकसाहेबांनी तिला भर सभेत झापलं होतं, "आजी, देवाने दिलेलं परत करता होय?"

चित्रं सगळी योजिनची, टॅब्लेटवर काढलेली. पाळकसाहेबांचा हुकूम ठरलेला: पहाट, गव्हाचं शेत, कोकरू, हसरी मुलं. काळा रंग नको. रडगाणं नको. बायबल एवढं जाडजूड, पानोपानी आक्रोश, आणि टोपलीत मात्र निवडून निवडून साखर. योजिन वर्षानुवर्षं ही साखर रंगवत आली होती. मुकाट.

गेल्या साली मंडळीतल्याच मालसुन मावशीला छत्रीचं कार्ड आलं होतं. तुझ्या बाजूला हजार कोसळले तरी तुला काही शिवणार नाही, अशा अर्थाचं वचन; त्यावर योजिनने काढलेली पिवळीधमक छत्री आणि तिच्याखाली हसणारा पोरगा. मावशीने ते कार्ड आपल्या लेकाच्या, तेगिलच्या, हेल्मेटात आतून चिकटवलं. ऑक्टोबरात कारखान्यातल्या पत्रा दाबणाऱ्या प्रेसने तेगिलचा जीव घेतला. माणूस आत आला की मशीन थांबवणारा सेन्सर बंद करून ठेवला होता. का, तर माल लवकर निघावा. कारखाना प्योसाहेबांचा. प्योसाहेब मंडळीचे पुढारी, दरवर्षी ही कार्डं त्यांच्याच खर्चाने छापली जातात. अंत्यविधीला जो तो मावशीला एकच सांगत होता: क्षमा कर, प्रार्थना कर, आता हस बघू जरा. हेल्मेट घरी परत आलं. आतली छत्री जशीच्या तशी होती, साधा ओरखडासुद्धा नाही.

तेव्हापासून योजिनला स्वस्थ बसवत नव्हतं. पहाट रंगवायला घेतली की ती टॅब्लेट बंद करून ठेवायची. शेवटी तिने एक चित्र कुणाला न विचारता काढलं. बायबलमधली राहेल. लेकरांसाठी रडणारी, कुणाचंच सांत्वन नको म्हणणारी, कारण लेकरंच उरलेली नाहीत. पाठमोरी बाई, अंगात मावशीसारखंच फुगीर जाकीट, पुढे नुसता काळोख. हाताच्या सवयीने मागे थोडी पहाट उमटली होती. तो थर तिने पुसून टाकला. छापखान्याला पाठवायच्या फायलींत ही फाईल तिने घुसडली. एकच प्रत. मावशीच्या हातात ती पडावी, कोपऱ्यात बसून मावशीने ती गुपचूप वाचावी, आणि एकदा तरी तिला कुणी 'हस' म्हणू नये. योजिनला एवढंच हवं होतं. सापडली असती तर मंडळीत उभं राहायची सोय उरली नसती.

मावशी समोर आली. योजिनने अंगठा सैल केला. तेवढ्यात मागून प्योसाहेब आले आणि ओळ आपोआप फाकली. मावशीही एक पाऊल मागे सरली. एवढं होऊनही सरली. अंगवळणी पडलेलं असतं हे.

"काय गं चित्रकार," प्योसाहेब हसले, "चांगलं वचन अंगठ्याखाली दडवतेस होय? कुणासाठी गं? कुणी तरुण हेरलायस वाटतं ओळीत!"

लोक हसले. योजिनने अंगठा पुन्हा दाबला. "नाही साहेब, ते... तुम्ही मधलं घ्या ना."

"मधलं घ्यायला मी काय आज आलोय इथे?" म्हणत त्यांनी नेमकं तेच कार्ड ओढलं.

उलटवलं. वाचलं. ओठांवरचं हसू तिथेच वाळून गेलं.

"हे काय आहे?"

पाळकसाहेब लगबगीने आले. त्यांनी कार्ड पाहिलं, मग योजिनकडे पाहिलं. "छपाईची चूक, साहेब. दुसऱ्या कुणाचं तरी काम मिसळलं असणार. तुम्ही दुसरं उचला, काही हरकत नाही. हो की नाही, योजिन? चूकच ना ही?"

नुसती मान हलवली असती तरी ती सुटली असती.

"चूक नाही," योजिन म्हणाली. आवाज फाटला, पण मागच्या बाकापर्यंत पोचला. "मी काढलंय. वचन बायबलमधलंच आहे. आणि बदलायचं नसतं, हे तुम्हीच सांगता."

प्योसाहेबांनी कार्ड टोपलीत टाकलं. "असलं वचन मला नको."

"मग मला द्या," मालसुन मावशी म्हणाली.

कुणी देण्याची वाट न बघता तिने ते उचललं. चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ नेलं. त्या पाठमोऱ्या बाईवरून बोट फिरवलं. योजिनने टोपली खाली ठेवली आणि हात पुढे केले. आता ही कोसळणार, आपण सावरायचं.

"चला मावशी, बाहेर बसू. मोकळेपणी रडून घ्या."

"रडते गं मी रोज. त्याला कुणाची सोबत लागत नाही." मावशीने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "हे चित्र तुझ्या मशीनमध्ये आहे ना अजून?"

"आहे."

"मोठं केलं की चित्र फुटतं म्हणतात."

"किती मोठं हवंय, मावशी?"

मावशीने मान वर केली आणि प्योसाहेबांच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

"कारखान्याच्या गेटाएवढं."