एकोणतिसावं चित्र

“जे दिसतं तेवढंच हाताला सांग, बयो. हातानं डोळ्याला शिकवायचं नसतं.”

हा आत्याचा आवाज. घड्याळं दुरुस्त करणारी आत्या. खिडकीपाशी बसायची, एका डोळ्याला भिंग, चिमट्यात मोहरीएवढा स्क्रू. तिला जाऊन सहा वर्षं झाली. आणि आज प्रयोगशाळेत सगळ्या वर्गासमोर उभं असताना भाचीला तो आवाज नकोसा झाला होता.

तिला सगळे ढापणी म्हणत. चष्मा जाड, बोलणं कमी. तिची प्रयोगवही बाईंच्या हातात होती.

परीक्षा तशी सोपी. सूक्ष्मदर्शकाखाली हायड्राची काचपट्टी. ओळीनं यायचं, डोळा लावायचा, दिसेल ते काढायचं. पाण्यातला हा इवलासा जीव. पोटभर मिळालं की जोडीदाराविनाच याच्या कुशीला कळी फुटते, कळीला हात फुटतात, आईच्याच पोटातलं खात लेकरू वाढतं आणि एक दिवस सुटून आपल्या वाटेनं जातं. अमीबाचं दुभंगणं, बटाट्याच्या डोळ्याचं रुजणं हेही बाई शिकवत, पण त्यांचा जीव हायड्रावर. तिथं आलं की दर वर्षी त्यांचा आवाज ओला होई.

अठ्ठावीस जणांनी कळी काढली होती. कुणाची टपोरी, कुणाची चिमुकली. एकीनं तर जुळीच काढून ठेवली. ढापणीच्या पानावर नुसता देठासारखा हायड्रा, वर सहा हात. कूस रिकामी.

बाई रागावल्या नाहीत, हेच जड गेलं. वीस वर्षं मी हीच पट्टी दाखवतेय, म्हणाल्या, झोपेतही तिची कळी कुठं आहे ते सांगेन. अठ्ठावीस जणांना दिसली आणि तुला एकटीलाच नाही? जा, पुन्हा बघ. कळी काढलीस तर पूर्ण गुण. नाहीतर शून्य, आणि शून्य म्हणजे नापास.

चष्म्याला वायपर लावून घे, मागून कुणीतरी कुजबुजलं. खसखस पिकली. सूक्ष्मदर्शकाकडे जाताना मैत्रिणीनं कोपरानं ढोसलं.

“काढ ना गं एक फुगा. तुझं काय जातंय?”

ती वाकली. चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं. गुलाबी रंगवलेला देठ, सहा हात. आणखी बघितलं. इतकं बघितलं, की डोळ्यांत पाणी येऊन कडेला काहीतरी फुगल्यासारखं वाटायला लागलं. सगळेच खोटं कशाला काढतील? खोट आपल्याच डोळ्यांत असेल. मग ती आजचीच कशावरून? आजवर जे जे बघितलं, त्यातलं किती तसं होतं? नापास होणं परवडलं, हे नको.

बाईंनी परत दिलेली वही तिनं उघडली. पेन्सिल त्या रिकाम्या कुशीपाशी टेकवली. बारीकशी कमान उमटू लागली.

प्रयोगशाळेतलं काचसामान सांभाळणारे मामा सकाळपासून एकच परीक्षानळी पुसत उभे होते. त्यांनी ती स्टँडमध्ये ठेवली. टेबलापाशी आले आणि आपला सुरकुतलेला तळवा पानावर, अर्ध्या कमानीवर, पालथा घातला.

“थांब, पोरी.” मग खालीच बघत म्हणाले, “बाई, तुमची ती पट्टी परवा माझ्या हातून फुटली. तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही, म्हणून दुसरी लावली. हिला कळी नाहीच.”